युद्धानंतर उभारलेले कोव्हेंट्री : पाडकामाच्या आधी पोचायचे कसे?

मिडलँड्सवासी

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी इंग्लंडमधील कोव्हेंट्री शहरात राहतो. त्यांपैकी सहा वर्षे, नोकरी सांभाळून, येथील युद्धोत्तर इमारती जपण्यासाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका लहान गटात मी आहे. हे काम काय आहे ते सांगितले की आपल्याकडची माणसे हमखास एकच प्रश्न विचारतात : देवळे, वाडे, किल्ले वाचवायचे हे समजते, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची दुकाने आणि मंडई कशासाठी वाचवायची? या प्रश्नाला तोंडी उत्तर देताना माझे नेहमी काहीतरी राहून जाते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

१४ नोव्हेंबर १९४० च्या संध्याकाळी सुरू झालेला जर्मन बाँबहल्ला दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत, सुमारे अकरा तास चालला. ५६८ माणसे गेली, शहराचा मध्यभाग जळाला आणि सेंट मायकेल कॅथीड्रलच्या फक्त बाहेरच्या भिंती व उंच मनोरा उरला. मात्र नव्या कोव्हेंट्रीची कल्पना या राखेतून निघाली असे जे सांगितले जाते, ते पूर्ण खरे नाही. डोनाल्ड गिब्सन यांची १९३८ मध्येच शहराचे पहिले वास्तुविशारद म्हणून नेमणूक झाली होती आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी उद्याच्या शहराचे प्रदर्शन मे १९४० मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या सहा महिने आधी भरवले होते. बाँबहल्ल्याने जागा मोकळी केली. विचार आधीपासून तयार होता. त्याहून जुनी गोष्ट अशी की बुचर रो हा मध्ययुगीन, लाकडी घरांचा सुंदर रस्ता १९३६ मध्ये नगर परिषदेनेच नव्या रस्त्यासाठी पाडला होता. शहर फक्त शत्रूने उद्ध्वस्त केले असे आम्ही फेरफटक्यात कधीच सांगत नाही, कारण पुढची सगळी गोष्ट समजण्यासाठी हा तपशील फार उपयोगी पडतो.

गिब्सन यांच्या आराखड्याचा गाभा म्हणजे 'प्रिसिंक्ट', अर्थात फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आखलेला दोन मजली बाजारचौक. चेस्टर शहरात मध्ययुगापासून वरच्या मजल्यावर सज्जातून चालत जाऊन खरेदी करण्याची पद्धत आहे. ती येथे नव्या रूपात आणली गेली. ८ जून १९४६ रोजी, विजयदिनी, येथे एक दगड बसवला गेला. त्यावर राखेतून झेपावणारा फिनिक्स पक्षी कोरलेला आहे. त्या दगडापाशी उभे राहून पूर्वेकडे पाहिले की दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधोमध जळालेल्या कॅथीड्रलचा मनोरा दिसावा, अशी संपूर्ण चौकाची आखणी आहे. विटा, हिरवट रंगाचा पाटीचा दगड, सज्जांचे बारीक कठडे हे सगळे त्या एका दृष्टिरेषेला धरून आहे. बाजारात भाजी आणायला निघालेल्या माणसाने रोज न चुकता तो मनोरा पाहावा, ही त्यामागची भावना होती. मला हा विचार आजही हलवून सोडतो.

नंतर काय झाले? चौकात सरकते जिने आणि उतार आले, १९९० मध्ये ब्रॉडगेट या मध्यवर्ती चौकात नवे खरेदी संकुल उभे राहिले, खालच्या चौकावर काचेचे छत आले. मूळ इमारतींवर पाट्या आणि रंगांचे थर चढले. मग लोक म्हणू लागले की हे सगळे कुरूप आहे, पाडून टाका. ज्याला लोक कुरूप म्हणतात त्यातील बराचसा भाग गिब्सन यांच्या काळचा नाहीच, तो पुढच्या चाळीस वर्षांनी वर लादलेला आहे. आमच्या कामाचा निम्मा वेळ हे वेगळे करून दाखवण्यात जातो.

स्वयंसेवक नेमके काय करतात, याविषयी लोकांच्या मनात फलक आणि घोषणा असतात. त्याही कधीतरी लागतात, पण खरे काम कारकुनी आहे. दर आठवड्याला नगर परिषदेच्या संकेतस्थळावर आलेले बांधकाम परवान्यांचे अर्ज वाचायचे, जोडलेले नकाशे उघडून पाहायचे आणि ठरलेल्या मुदतीत मुद्देसूद हरकत नोंदवायची. दुसरे काम सूचीबद्धतेच्या अर्जाचे. इंग्लंडमध्ये 'हिस्टॉरिक इंग्लंड' या संस्थेकडे कोणीही नागरिक एखादी इमारत वारसा-सूचीत घेण्यासाठी अर्ज करू शकतो. संस्था शिफारस करते आणि निर्णय मंत्र्यांच्या नावाने होतो. त्यात पाहिले जाते ते इमारतीचे विशेष वास्तुशास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्व. दुरुस्तीला किती खर्च येईल, मालकाची इच्छा काय, हे प्रश्न त्या टप्प्यावर विचारात घेतले जात नाहीत. मला हे कळायला वेळ लागला. माझा पहिला मसुदा चार पानांचा होता आणि त्यात शहरावरील प्रेमाखेरीज फारसे काही नव्हते. गटातील एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "मूळ दरवाजे शिल्लक आहेत का? किती?" मी परत गेलो आणि मोजले. चौदांपैकी पाच होते. पुढच्या मसुद्याची सुरुवात त्या पाच दरवाजांनी झाली.

गेल्या काही वर्षांत यश आले आहे आणि अपयशही. गोल मंडई २००९ मध्ये सूचीत आली. अप्पर प्रिसिंक्टमधील उत्तर व दक्षिण जोडइमारती आणि जुन्या लोकार्नो नृत्यगृहातील मध्यवर्ती ग्रंथालय २०१८ मध्ये सूचीत आले. याउलट बुल यार्ड, शेल्टन स्क्वेअर आणि सिटी आर्केड हा दक्षिणेकडचा मोठा भाग पुनर्विकासाच्या आराखड्यात गेला. तेथील 'थ्री टन्स' या मद्यगृहाच्या दर्शनी बाजूला विल्यम मिचेल यांनी १९६६ मध्ये केलेले काँक्रीटचे उठावशिल्प २००९ पासून सूचीबद्ध असल्यामुळे त्याला तरी संरक्षण आहे. पण शिल्प वाचणे आणि ज्या चौकासाठी ते केले तो चौक वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहाबादी

अतिशय उत्तम धागा. मी व्यवसायाने संरचना अभियंता आहे आणि पुण्यात जुन्या काँक्रीट इमारतींच्या तपासणीचे काम करतो. आपल्या भूमिकेविषयी आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो, कारण ती मांडली नाही तर वारसाप्रेमी मंडळी पहिल्याच बैठकीत अडचणीत येतात.

१९५० ते १९७० या काळातील काँक्रीटमध्ये सळईवरचे आवरण अनेकदा फार कमी असते. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील पोलादावर गंज चढत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो आणि ही अल्कधर्मिता कमी होते. तो थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि त्याचे पोपडे पडू लागतात. मुंबईत समुद्रकाठच्या इमारतींमध्ये खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होते. त्यामुळे "इमारत धोकादायक आहे" असे मालक म्हणतो तेव्हा तो नेहमी खोटेच बोलतो असे नाही.

मात्र याच्या पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे. हा रोग बहुतेक वेळा बरा होणारा आहे. कार्बनीकरणाची खोली मोजण्यासाठी ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, बाधित भागाला रंग येत नाही. ही चाचणी स्वस्त आहे आणि तिचे छायाचित्र सामान्य माणसालाही एका नजरेत समजते. खराब भाग काढून सळई साफ करणे, योग्य मिश्रणाने भरणे, पृष्ठभागावर संरक्षक लेप देणे हे सगळे रोज चालणारे काम आहे. म्हणून माझी सूचना अशी की धोक्याचा अहवाल समोर आला तर त्याला भावनेने उत्तर देऊ नये. किती ठिकाणी नमुने घेतले, आवरण किती मिलिमीटर आढळले आणि दुरुस्तीचा पर्याय तपासला का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. पुष्कळ अहवालांमध्ये तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसते.

मासतीर

मी रॉटरडॅममध्ये राहते. आमचे शहर १४ मे १९४० रोजी उद्ध्वस्त झाले. जर्मन बाँबहल्ला जेमतेम पंधरा मिनिटांचा होता, पण त्यानंतरच्या आगीने मध्यभाग संपवला आणि सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. आग जेथपर्यंत पोचली ती सीमा आज रस्त्यात बसवलेल्या लाल दिव्यांनी दाखवली आहे. संध्याकाळी सायकलवरून जाताना ते दिवे चाकाखालून जातात आणि आपण एका शहरातून दुसऱ्या शहरात आलो हे कळते.

येथील अनुभव आपल्यापेक्षा थोडा वेगळा आहे. डच सरकारने २००७ मध्ये १९४० ते १९५८ या काळातील शंभर इमारती व वास्तुसमूहांची यादी राष्ट्रीय संरक्षणासाठी काढली. म्हणजे पुनर्बांधणीचा काळ हा इतिहासाचा एक स्वतंत्र कालखंड आहे, हे सरकारनेच मान्य केले. फान डेन ब्रुक आणि बाकेमा यांची लाइनबान ही १९५३ ची पादचारी बाजारपेठ आज राष्ट्रीय स्मारक आहे. नागरिकांच्या दृष्टीने याचा फार मोठा फायदा असा की प्रत्येक इमारतीसाठी शून्यापासून भांडावे लागत नाही.

तरीही गमावलेले आहेच. सिबोल्ड फान रावेस्टाइन यांचे १९५७ चे मध्यवर्ती रेल्वे स्थानक नव्या स्थानकासाठी पाडले गेले. निरोपाच्या काळात त्याच्या दर्शनी भागावरील 'सेंत्राल स्टेशन' या अक्षरांतील काही अक्षरे घेऊन 'त्रान लातेन' असे शब्द जुळवण्यात आले होते. त्याचा अर्थ 'अश्रू गाळणे'. मूळ अक्षरे आणि घड्याळ २०१४ मध्ये उघडलेल्या नव्या स्थानकावर पुन्हा बसवले आहे. रोज त्या घड्याळाखालून जाताना मला बरे वाटते आणि वाईटही वाटते. अक्षरे राहिली, पण त्या इमारतीचा वळणदार दर्शनी भाग गेला. मिडलँड्सवासी, थ्री टन्सच्या शिल्पाविषयी आपण जे लिहिले त्याचा अर्थ मला म्हणूनच लगेच कळला.

नदीकाठ

मला एक शंका आहे आणि ती मी प्रामाणिकपणे विचारत आहे. या शहरांत राहणाऱ्या सामान्य लोकांना या इमारती आवडतात का? बाहेरून आलेला वास्तुप्रेमी काही काळ राहतो, छायाचित्रे काढतो आणि जातो. ज्याला गळक्या छताखाली दुकान चालवायचे आहे, पायऱ्यांमुळे ज्याच्या आईला वरच्या सज्ज्यावर जाता येत नाही, त्याने नव्या इमारतीची मागणी केली तर ती चूक कशी?

मिडलँड्सवासी

नदीकाठ, ती मागणी चूक नाही. गळके छत दुरुस्त झालेच पाहिजे आणि वरच्या मजल्यावर सर्वांना जाता आले पाहिजे. सूचीबद्ध इमारत म्हणजे गोठवलेली इमारत नव्हे. बदल करता येतात, फक्त त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि कोणता भाग महत्त्वाचा व कोणता नाही हे सांगावे लागते. उद्वाहन (लिफ्ट) बसवायला आमच्या गटाने कधीही हरकत घेतलेली नाही.

लोकांना आवडते का, याचे उत्तर मी मंडईच्या उदाहरणाने देतो. ही वर्तुळाकार इमारत १९५८ मध्ये उघडली. तिच्या छतावर मोटारी उभ्या करण्याची सोय आहे. आत शिरल्यावर कोणत्याही बाजूने गेलात तरी फिरून मध्यभागी येता. तेथे ड्रेस्डेनच्या युर्गेन सायडेल या कलाकाराने काढलेली चित्रे आहेत. शेतात आणि कारखान्यात काम करणारी माणसे त्यांत आहेत. एका बाँबग्रस्त शहराच्या बाजारात दुसऱ्या बाँबग्रस्त शहराच्या माणसाने काढलेले चित्र, आणि तेही शीतयुद्धाच्या काळात पूर्व जर्मनीतून आलेल्या माणसाने. त्याच्यासमोर आज भेंडी, कोथिंबीर, मासे आणि शिवणाचे सामान विकणारे लोक आहेत. या मंडईला कोणी कुरूप म्हटलेले मी ऐकले नाही, कारण ती वापरात आहे आणि तिची झाडलोट होते. प्रिसिंक्टच्या वरच्या सज्ज्यावर दुकाने रिकामी राहिली, दिवे बंद पडले आणि मग तीच वास्तू भकास म्हणून ओळखली जाऊ लागली. आवड-नावड ही पुष्कळदा देखभालीची गोष्ट असते, असा माझा अनुभव आहे.

एल्बाकाठ

ड्रेस्डेनचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी येथे संशोधनासाठी आलो आणि राहिलो. जगाला ड्रेस्डेन म्हटले की पुन्हा उभारलेले फ्राउएनकिर्शे हे चर्च आठवते. पण फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यांनंतर जे शहर उभे राहिले, त्यातील पूर्व जर्मन काळाचा भाग मोठा आहे आणि १९९० नंतर त्याच्यावर दुहेरी आघात झाला : तो आधुनिक म्हणून नकोसा होता आणि मोडलेल्या राजवटीचा म्हणूनही नकोसा होता. प्रागर श्ट्रासवरील 'सेंट्रुम' हे अ‍ॅल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारख्या आवरणाचे भांडार २००७ मध्ये पाडले गेले. शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या संकुलावर त्या पोळ्याचा आकार पुन्हा वापरला आहे, पण मूळ इमारत पाहिलेल्या माणसाचे त्याने समाधान होत नाही.

त्यानंतर येथील विद्यार्थी, वास्तुविशारद आणि साधे रहिवासी 'ओस्टमोडेर्न' या नावाने एकत्र काम करू लागले. १९६९ चा कुल्टुरपालास्ट २००८ मध्ये संरक्षित झाला आणि आतील सभागृह नव्याने बांधून २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला. रोबोट्रॉन या संगणक कारखान्याच्या जुन्या उपाहारगृहाचे पाडकाम अनेक वर्षे अटळ मानले जात होते. नंतर ते कलेसाठी वापरण्याची योजना पुढे आली. माझ्या मते या मंडळींचे सर्वांत मोठे काम असे की त्यांनी राजवटीविषयीचे मत आणि इमारतीविषयीचे मत वेगळे करून दाखवले. ज्या लोकांनी त्या राजवटीत त्रास भोगला त्यांचाच त्या उपाहारगृहाला पाठिंबा मिळवणे सोपे नसते. त्यासाठी ऐकून घ्यावे लागते, आणि पुष्कळ ऐकून घ्यावे लागते.

शहाबादी

मिडलँड्सवासी, एक कायदेशीर शंका आहे. अर्ज केला आणि निर्णय येण्याआधीच मालकाने इमारत पाडली तर?

मिडलँड्सवासी

हा धोका खरा आहे आणि ब्रिटनमधील चळवळीचा इतिहास या धोक्यानेच घडलेला आहे. लंडनजवळील फायरस्टोनचा १९२८ चा कारखाना ऑगस्ट १९८० मध्ये सुट्टीच्या दिवसांत, सूचीबद्ध होण्याच्या ऐन तोंडावर पाडला गेला. त्या धक्क्यानंतर विसाव्या शतकातील इमारतींकडे सरकारने गांभीर्याने पाहिले. युद्धानंतर बांधलेली पहिली इमारत, लंडनचे ब्रॅकन हाउस, १९८७ मध्ये सूचीत आली. जळालेल्या कॅथीड्रलशेजारी युद्धानंतर बांधलेले आमचे नवे कॅथीड्रल त्याच्या पुढच्या वर्षी सर्वोच्च श्रेणीत आले. ज्या संस्थेचा आम्हाला सर्वांत जास्त आधार आहे ती 'ट्वेंटिएथ सेंच्युरी सोसायटी' १९७९ मध्ये 'थर्टीज सोसायटी' या नावाने सुरू झाली होती. १९१४ नंतरच्या वास्तूंसाठी ती काम करते आणि सूचीबद्ध इमारतीच्या पाडकामाचा अर्ज आला तर तिचे मत मागवणे बंधनकारक असते.

तातडीच्या वेळी स्थानिक प्राधिकरण सहा महिन्यांची संरक्षण-नोटीस काढू शकते, आणि त्या मुदतीत सूचीचा निर्णय होतो. पण नोटीस काढायला प्राधिकरण तयार असावे लागते. दुसऱ्या बाजूला, मालकही पाच वर्षे इमारत सूचीत येणार नाही असे प्रमाणपत्र मागू शकतो, आणि ते मिळाले की आमचे हात बांधले जातात. म्हणून मी धाग्याच्या शीर्षकात 'आधी पोचायचे कसे' असे लिहिले. पुनर्विकासाची बातमी वृत्तपत्रात आल्यावर धावाधाव करणाऱ्या गटाला बहुधा उशीर झालेला असतो. इमारतीला कोणताही धोका नसताना, एखाद्या निवांत वर्षी तिची कागदपत्रे तयार करून ठेवणे हेच खरे काम आहे. त्यात लोकांना उत्साह वाटत नाही, हे मात्र मान्य करतो.

मेघना र.

हा धागा वाचताना मन भरून आले. माझे बालपण कोव्हेंट्रीत गेले. माझे वडील १९६० च्या दशकात येथील मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आले. आई नंतर आली. दर शनिवारी ते आम्हा बहिणींना प्रिसिंक्टमध्ये नेत असत. खालच्या चौकात गॉर्डन कलन यांचे रंगीत चिनीमातीच्या फरशांचे चित्र आहे, त्यात शहराचा सगळा इतिहास आहे. आई खरेदी करीत असताना वडील आम्हाला त्या भिंतीसमोर उभे करून चित्रातील सायकली मोजायला सांगत. मला इंग्रजी आकडे शाळेच्या आधी त्या भिंतीवर आले. चौकावर छत घातले तेव्हा ते चित्र मूळ जागेवरून हलवले, आणि आता ते पाहताना माझी दिशाच चुकते. मी अजूनही डाव्या हाताला वळते.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पेटीत पारदर्शिकांचे (स्लाइड्सचे) दोन डबे आहेत. त्यांतील काहींमध्ये आम्ही वरच्या सज्ज्यावर उभ्या आहोत आणि मागे कठडे, दुकानांच्या पाट्या, दिव्यांचे खांब असे सगळे दिसते. घरगुती छायाचित्रे म्हणून मी ती कोणाला दाखवली नव्हती. अशा गोष्टींचा आपल्याला काही उपयोग होईल का?

मिडलँड्सवासी

मेघनाताई, फार उपयोग होईल. संग्रहालयात आणि नगर परिषदेच्या दप्तरात जी छायाचित्रे आहेत, ती बहुतेक उद्घाटनाच्या वेळची आणि कृष्णधवल आहेत. मूळ कठड्यांचा रंग कोणता होता यावर आमच्या गटात दोन वर्षे वाद चालू आहे. एक पक्ष फिकट निळा म्हणतो, दुसरा पांढरा. खरवडून पाहायला मालकाची परवानगी मिळालेली नाही. रंगीत पारदर्शिकेत आपल्या मागे तो कठडा उन्हात दिसत असेल तर हा प्रश्न तेथेच सुटू शकतो.

कृपया डबे उघडताना चौकटींना फक्त कडेला धरा आणि कापडाने पुसू नका. स्कॅन करण्याआधी प्रत्येक चौकटीच्या पुठ्ठ्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. फिल्म धुतल्याचा महिना व वर्ष पुष्कळदा त्यावर छापलेले असते, आणि वडिलांनी पेन्सिलने काही लिहिले असेल तर तेही येईल. क्रम बदलू नका. ज्या क्रमाने त्यांनी ठेवल्या आहेत तोही एक पुरावा आहे. मी आपल्याला व्यक्तिगत निरोप पाठवत आहे. येत्या शनिवारी आमची फेरी फिनिक्सच्या दगडापासून दहा वाजता सुरू होते. आपण येऊ शकलात तर सज्ज्यावर नेमक्या कोणत्या जागी उभ्या होतात, ते आपणच आम्हाला दाखवा.

मेघना र.

येते. बहिणीलाही घेऊन येते, तिला जागा माझ्यापेक्षा चांगली आठवते.